पार्वतीच्या नावाचं पाकीट

१

पाकीट आलं ते पार्वतीच्या नावाने, आणि पार्वती नावाची ती बाई जन्मालाच आली नव्हती.

म्हशाला नव्हती, मुरबाडला नव्हती, असं नव्हे. ती कुठेच नव्हती. तिला ना आई, ना बाप, ना रेशन कार्ड. रविना विशेने तिला आसनगावच्या आपल्या घरी, खिडकीपाशी बसून, चहा पिता पिता कॉम्प्युटरवर टाइप केली होती. नाव पार्वती, एक लहान मुलगी, मूळची भिवंडीकडची, सध्या मुक्काम गुणाबाईंकडे, म्हसा. झाली पार्वती! आणि आता तीच गुणाबाई, रविनाची सख्खी मावशी, फोनवर सांगत होती की त्या पार्वतीच्या नावाचं पाकीट सकाळी ओटीवर पडलं होतं.

"अगो, मी म्हटलं आपल्यात पार्वती कोन? जत्रेला पावने यायचेत, त्यातली कुनी असंल. म्हनून उघडलं."

"मावशी, उघडलंस?"

"मंग काय देव्हाऱ्यात ठेवू? उघडलं. आत पैंजन हाय. बारक्या पोरीचं. एकच. नि चिठी हाय. शेजारच्या सुनेकडनं वाचून घेतली. ती वाचली नि घाबरून घरीच पळाली, बया!"

"काय लिहिलंय?"

गुणाबाईने एकेक शब्द आठवून सांगितला. "'जोडीचं पैंजण जिच्या पायात आहे, तिला न्यायला येतोय.' ह्याचा काय अर्थ गो, रविना? आपल्याकडं कुनाला न्यायचंय?"

रविनाच्या हातातला फोन घसरला. खाली पडायचा तो तिने गुडघ्यावर कसाबसा झेलला. गुणाबाई तिकडे "अगो ए, ऐकतेस ना?" करत राहिली. पार्वती खोटी होती, पण जोडीचं पैंजण खरं होतं. ते रविनाने चारच दिवसांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. उंबरमाळीच्या वर, रानातल्या एका घरात, एका लहानग्या पोरीच्या डाव्या पायात.

२

आता हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, नसलेल्या बाईवरून एवढा कसला आकांत?

शहापूरला एक संस्था आहे. नवऱ्याच्या मारातून जीव घेऊन पळालेल्या बायकांना ती आसरा देते. पण एका इमारतीत कोंडून नव्हे. गावोगावच्या भल्या घरांत, भाचीसारखी, सुनेसारखी ठेवते. नावं बदलते. कोण कुठे आहे ते कागदावर कुठेही नसतं. ते असतं फक्त संस्थेच्या डेटाबेसमध्ये, आणि त्या डेटाबेसची राखण करते रविना. मुंबईच्या एका कंपनीची नोकरी घरून करून उरलेल्या वेळात, फुकट. तिचे वडील विचारणाऱ्याला सांगतात, "पोरगी कॉम्प्युटरमधी राखनीला बसते." हसायचं त्याने हसावं, पण काम अगदी तेच आहे.

अशी राखण करणारे शहापूर-मुरबाडात बरेच निघाले, तेव्हा त्यांनी मंडळ केलं. महिन्यातून एका रविवारी शहापूरच्या एका हॉलमध्ये जमतात. कुठे नवं काय आलं, कोणाच्या कंपनीत काय कोसळलं, कोणाची नोकरी गेली, सगळ्या बातम्या तिथेच. आणि मंडळाची एक रीत आहे. डेटाबेस बुडालाच तर म्हणून त्याची एक प्रत बाजूला ठेवतात, तिला बॅकअप म्हणतात. पण ती प्रत वेळेला उभी राहील की नाही, हे उभी करून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून रविवारी एकाने आपली प्रत आणायची, दुसऱ्याने ती सगळ्यांसमोर उभी करायची, प्रत धड असल्याची खूण म्हणून तिच्यातली एक ओळ मोठ्याने वाचायची, आणि मग सगळ्यांसमोरच ती पुसून टाकायची. मग चहा.

आणि वाचायची ओळ कुठली? बुजगावण्याची.

हेही भातशेतीवाल्यांच्याच डोक्यातून निघालेलं. प्रत्येक प्रतीत एक खोटं माणूस घालून ठेवायचं. नाव खोटं, पत्ता मात्र आपल्याच नात्यातल्या घराचा. प्रत चोरीला गेली तर चोर कधीतरी त्या पत्त्यावर येणार, आणि आपल्याला कळणार. प्रत्येक प्रतीतलं बुजगावणं वेगळं, म्हणजे कुठली प्रत फुटली तेही कळतं. संस्थेच्या चालू डेटाबेसमध्ये शेवंता होती. रविवारच्या प्रतीत पार्वती. ती रविनाने घाईघाईत रचली, आणि आदल्याच दिवशी गिरजा नावाच्या बाईची माहिती भरली होती म्हणून पार्वती थोडी गिरजासारखीच उतरली. एक मुलगी, भिवंडीकडची. खोटं बोलतानासुद्धा माणसाला जवळचंच सुचतं.

गिरजा पळाली त्या दिवशी नवऱ्याने पोरीला ओढायला तिचा पाय धरला होता. पैंजण त्याच्या हातात राहिलं आणि पोर गिरजाच्या. संस्थेच्या मदतीने पोलिसांत तक्रार झाली, कोर्टाने त्याला तिच्या जवळ जायची मनाई केली. त्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सापडली की जाळीन." गंमत म्हणून म्हणाला नव्हता. गिरजाच्या पाठीवर तसा एक डाग आधीच होता.

रविनाने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "म्हशाला धमकीचं पाकीट आलंय. आपली माहिती फुटली."

पहिलं उत्तर किन्हवलीच्या हरेशचं आलं. "कुठल्या प्रतीचं बुजगावणं?"

हरेशनेच त्या रविवारी संस्थेची प्रत उभी केली होती. बाईचं काय, पोरीचं काय, हे विचारायचं सोडून ह्याला प्रतीची पडली!

मग पंकजचा फोन आला. आसनगावला नव्याने राहायला आलेला, पुण्याच्या मोठ्या कंपनीत डेटाबेसचंच काम केलेला, गोड बोलणारा पंकज. मंडळात त्याचा तो पहिलाच रविवार होता. तो एवढंच म्हणाला, "रविना मॅडम, बाकीचं मागून बघू. त्या बाईला आणि मुलीला आधी तिथून हलवा. माझी गाडी आहे. कधी येऊ, सांगा."

रविनाला रडूच आलं. निदान एक तरी माणूस माणसासारखा बोलला.

३

रविना रिक्षा करून शहापूरला भागीरथी निमसेंकडे गेली. वाटेत तिने चारदा मागे वळून पाहिलं. एक मोटारसायकल बराच वेळ मागे होती. ती दुधाची निघाली, पण तोवर रविनाचा जीव अर्धा झाला.

भागीताई मंडळाच्या सगळ्यात जुन्या. वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे बुडालेले डेटाबेस वर काढले आणि त्यात केस पिकवले. कोणी घाबरून आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटचं काय बदललं?" आज त्या ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. रविनाने सगळं एका दमात सांगितलं.

"बस," भागीताई म्हणाल्या. "बिरडं सोल."

"ताई, इथे जीव जायची वेळ आलीय!"

"म्हणूनच सांगते. हात थरथरतायत तुझे. त्यांना काम दे."

त्यांनी हरेशला आणि संस्थेच्या ऑफिसातल्या प्रणयला बोलावून घेतलं होतं. दोघे आले. दोघांच्याही पुढ्यात वाल ठेवले गेले. अशी तपासणी तुम्ही कधी पाहिली नसेल. चौघं गोल बसून बिरडं सोलतायत आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.

"हरेश, प्रत पुसलीस?"

"तुमच्या सगळ्यांसमोर पुसली ना! पेन ड्राइव्हपण तिथेच कोरा केला. टाळ्या कोणी वाजवल्या मग?" हरेशचा चेहरा लाल झाला होता. "ताई, बुजगावणं माझ्या प्रतीतलं निघालं म्हणून मी चोर होय? रविना माझ्याकडे बघतेय कशी, बघा ना!"

"बघू दे तिला. तू काय वाचलंस त्या दिवशी?"

"पार्वतीची ओळ. दुसरी कुठली वाचणार? रीतच आहे."

"मोठ्याने?"

"मागच्या खुर्चीपर्यंत जाईल एवढ्याने. तुम्हीच ओरडता ना, पुटपुटू नको म्हणून."

भागीताईंनी सोललेला वाल पातेल्यात टाकला. "प्रणय, तू होतास ना हॉलमध्ये?"

"होतो की, संस्थेतर्फे." प्रणय साधा पोरगा, पण आज त्याच्या कपाळावर घाम होता. नावं-पत्ते भरायचं काम त्याचंच, म्हणजे संशय आपल्यावरही येणार हे त्याला कळत होतं. "मला तर हसू आलं व्हतं, ताई. पार्वती! आमच्याकडं पार्वती कुनी नायच. आमच्या बायांची सगळी नावं तोंडपाठ हायत मला. कुनाकडं बोललो नाय पण. आईशप्पथ नाय."

"तुझ्या फोनमध्ये एखादा फोटो? स्क्रीनचा?"

"नाय ओ, ताई!"

रविनाला आता बसवेना. हरेशने प्रत पुसायच्या आधी दुसरीकडे काढून ठेवली असेल तर? मग एक गिरजाच नव्हे, सगळ्याच बायका उघड्यावर पडल्या होत्या. कोणाच्या दारात कोण उभं असेल ह्या घडीला? तिच्या डोळ्यांसमोर गिरजाला ठेवून घेतलेल्या बाईजाचं घर आलं. उंबरमाळीच्या त्या डोंगरात ना फोन लागत, ना हाक ऐकू जात. बाईजा रानात गेली असली तर घरात गिरजा आणि पोर दोघीच.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. रविनाने येताना पंकजला पत्ता कळवून ठेवला होता.

"ताई, मी तिला घेऊन येते. आधी ती हाती लागू दे, मग चोर शोधा."

"थांब गो थोडं. काहीतरी जुळत नाही मला. पाकीट म्हशालाच का आलं?"

पण भ्यालेल्या माणसाला थांब म्हणून काय उपयोग? रविना चप्पल अडकवून गाडीत बसलीसुद्धा.

४

"हायवेला घ्या. कसाऱ्याच्या दिशेने," रविना म्हणाली. एवढंच. गरज नसताना गावाचं नाव तोंडातून काढायचं नाही ही इतक्या वर्षांची सवय, भीतीनेसुद्धा ती मोडली नाही. वळण आलं की सांगायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

पंकजने मान डोलावली. गाडी स्वच्छ होती, मागच्या सीटवर लहान मुलांच्या बिस्किटांचा पुडा होता. किती विचार करतो हा माणूस, रविनाच्या मनात आलं. आटगाव मागे पडलं. दोन्हीकडे उन्हात पिवळी पडलेली माळरानं, कापलेल्या भाताची खुंटं. पंकज आरशात पुन्हा पुन्हा बघत होता.

खर्डीच्या जवळ त्याने वेग कमी केला.

"मॅडम, एक विचारू?"

"हं."

"म्हसा तर मुरबाडच्या पलीकडे. आपण कसाऱ्याकडे कुठे चाललोय?"

"म्हशाला जाऊन काय करणार? तिथे तर कोणी..." एवढं बोलून रविनाची जीभ टाळ्याला चिकटली.

तिथे कोणी नाही, असं ती म्हणणार होती. पण ही गोष्ट मंडळातलं शेंबडं पोरही जाणून होतं! म्हशाला बुजगावणं आहे, माणूस नाही. मग ह्याला म्हशाला कोणाला आणायला जायचं होतं? सकाळचं त्याचं बोलणं तिच्या कानात पुन्हा वाजलं. त्या बाईला आणि मुलीला आधी तिथून हलवा. तिथून. कुठून?

"तिथे तर कोणी काय?" पंकजने विचारलं. आवाज गोडच होता. बोट मात्र दरवाजाच्या बटणावर गेलं आणि चारही दारं खट्कन बंद झाली.

तेवढ्यात रविनाचा फोन वाजला.

५

"भागीरथी बोलतेय. तू बोलू नको. हो किंवा नाही, एवढंच म्हण. पंकज शेजारी आहे?"

"हो."

"ऐक मग. पाकीट म्हशाला का आलं, त्यावर मी अडले होते. ज्याच्या हातात खरी प्रत पडली, त्याला गिरजाचा खरा पत्ता मिळाला असता. तो थेट तिच्या दारात गेला असता. म्हशाला खोट्या बाईच्या नावाने पैंजण कशाला पाठवेल? म्हणजे त्याच्याकडे प्रत नाही. त्याच्याकडे एकच ओळ आहे. हरेशने वाचलेली. ऐकतेस?"

"हो."

"ती ओळ हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकली. पण मंडळातल्या कुणाला ती खरी वाटणार नाही. वाचतात ते बुजगावणं, हे आम्हाला ठाऊक. प्रणयलाही वाटणार नाही, त्याला सगळ्या बायका पाठ आहेत, तो तर हसला. बुजगावण्याला घाबरवायला कोण जाईल गो? ज्याला ते माणूस वाटलं तो! त्या दिवशी नव्या माणसांना मी सुरुवातीलाच रीत सांगितली, आणि पंकज आला तो उशिरा, हरेश वाचायला उभा राहिला तेव्हा. मागे बसला. भिवंडीकडची बाई, एक मुलगी, एवढं ऐकलं नि त्याला गिरजा सापडली. नाव बदललेलं असणार हे नवऱ्याच्या माणसांना माहीतच होतं."

रविनाने खिडकीबाहेर पाहिलं. तोंड वळवलं नसतं तर चेहऱ्यावरून सगळं कळलं असतं.

"तो म्हशाला जाऊन आला असेल. दारात तुझी मावशी. बाई दिसेना. आत लपवली असेल असं वाटलं, म्हणून पाकीट टाकलं. तुम्ही घाबरून तिला बाहेर काढणार आणि हा गाडी घेऊन तयार. त्याला उंबरमाळीचं सांगितलंस?"

"नाही."

"देव पावला! मग त्याला पार्वतीकडेच ने. आम्ही इथून लगेच निघतो, पोलिसांना घेऊन. म्हशाला तुमच्या आधी पोचू. जमेल?"

जमेल की नाही, कोणाला ठाऊक? दारं बंद होती आणि शेजारी गिरजाच्या नवऱ्याचा माणूस बसला होता. पण दुसरा रस्ता उंबरमाळीला जात होता.

"हो," रविना म्हणाली.

"कोणाचा फोन?" पंकजने विचारलं.

"ऑफिसचा. सर्व्हर पडलाय."

"पडू दे."

रविनाच्या मनात उरलासुरला संशय होता तो तिथेच फिटला. मुलाच्या लग्नात अक्षता टाकतानाही सर्व्हर पडल्याचं ऐकलं तर अंतरपाट सोडून धावणारे डेटाबेसवाले तिने पाहिले होते. पडू दे म्हणणारा एकही पाहिला नव्हता.

"तुम्ही काहीतरी म्हणत होता," पंकज म्हणाला. "म्हशाला तर कोणी काय?"

"कोणी पाळतीवर असेल, असं म्हणत होते." आपलाच आवाज तिला परक्यासारखा ऐकू आला. "म्हणून मुद्दाम तुम्हाला इकडे आणलं. मागे कोणी येतंय का बघायचं होतं. कोणी नाही. आता वळवा, किन्हवलीवरून म्हशाला जाऊ."

पंकज तिच्याकडे बघत राहिला. मागून एका ट्रकने हॉर्न मारला. मग तो हसला.

"हुशार आहात, मॅडम," तो म्हणाला, आणि त्याने गाडी वळवली.

६

तो रस्ता रविना आयुष्यभर विसरणार नाही. शहापूर आलं, गेलं. किन्हवलीत एक ओळखीचा दुकानदार दिसला, त्याने हात केला, तिनेही केला. ओरडावं? ओरडली असती तर ती सुटली असती, पण हाही सुटला असता, आणि आज ना उद्या उंबरमाळीला पोचला असता. सरळगावला पंकजने पाण्याची बाटली पुढे केली. तिने ओठांना लावून परत दिली. पाणी प्यायची हिंमत नव्हती.

"मुलगी केवढी आहे हो?" त्याने सहज विचारलं.

"लहान आहे."

"घाबरली असेल बिचारी."

पुतणीविषयी काकाने बोलावं तसं त्याच्या तोंडून ते आलं.

म्हशाला जत्रा भरली होती. गाडी वेशीबाहेरच अडली. बैल, बैलांचे दलाल, घोंगड्यांचे ढीग, पाळणे, भोंगे. पंकज उतरला आणि त्याने रविनाच्या दंडाला धरलं. बघणाऱ्याला वाटावं, गर्दीत बाईमाणसाला सांभाळतोय. पण बोटं हाडापर्यंत रुतत होती.

"चला. माझा हात सोडू नका," तो म्हणाला.

दोन पांढरे खिल्लारी बैल शिंगं हलवत अगदी जवळून गेले. नेहमी रविना बैलांना घाबरायची. आज ती त्यांच्या बाजूलाच सरकून चालली.

गुणाबाईचं घर जत्रेच्या कडेला. दार लोटलेलं होतं आणि गुणाबाई ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिचा हात मात्र एकाच जागी फिरत होता, खडा काही निघत नव्हता. म्हणजे मावशीला निरोप पोचला होता. की नव्हता पोचला? भीतीने म्हातारीला काही सुचत नव्हतं, एवढंच होतं? रविनाला कळेना.

"आलीस गो?" गुणाबाई म्हणाली. "पार्वती आतमधी हाय. पोर आत्ताच निजलीय. आवाज नका करू."

पंकजने रविनाचा दंड सोडला. तिला बाजूला ढकलून तो ओटी चढला आणि त्याने दार लाथेने उघडलं.

"गिरजा! भायेर ये गो, गिरजा!"

पुण्याचं गोड बोलणं त्याच्या तोंडून क्षणात गळून पडलं होतं.

आत अंधार होता. मग कोणीतरी खिडकी उघडली. बाजेवर भागीताई बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर उशीला गुंडाळलेली गोधडी. एका बाजूला हरेश आणि प्रणय, दुसऱ्या बाजूला एक हवालदार आणि एक महिला पोलीस.

"गिरजा?" भागीताई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या रविनाने तर तुला गिरजा हे नाव कधी सांगितलं नाही. ग्रुपवर लिहिलं नाही. ओळीत तर पार्वती होतं. तुला गिरजा कुठून ठाऊक, बाबा?"

पंकज मागे वळला. दारात गुणाबाई उभी होती, हातात रिकामं सूप घेऊन, आणि तिच्यामागे बैल सोडून धावत आलेले गावकरी.

तो गिरजाचा दीर होता. मंडळाने आपल्या पेजवर मोठ्या कौतुकाने बातमी टाकली होती, की आमची रविना अमुक संस्थेचा डेटाबेस सांभाळते, ह्या रविवारी तिची प्रत उभी करणार, सर्वांना आमंत्रण. ती वाचूनच तो आला होता. पुण्याची कंपनी ही थापच, दोन-चार शब्द पाठ करून डेटाबेसवाला झाला होता. गिरजाचा नवरा मुरबाडला एका लॉजवर भावाच्या फोनची वाट बघत बसला होता. त्याच्या खोलीत रॉकेलचा कॅन सापडला, हे ऐकलं तेव्हा रविना गुणाबाईच्या ओटीवर मटकन बसली आणि मोठ्याने रडली. हरेश तिच्या शेजारी येऊन बसला.

"चुकलं रे माझं," ती म्हणाली. "तुला नको ते समजले."

"बिरडं तूच जास्त सोललंस," हरेश म्हणाला. "म्हणून माफ."

७

मंडळाने रीत बदलली. आता खऱ्या बायकांची प्रत हॉलमध्ये येत नाही आणि कुठलीच ओळ मोठ्याने वाचली जात नाही. भागीताईंनी सगळ्यांना झाडलं, स्वतःलाही. "आपल्याला ठाऊक म्हणजे जगाला ठाऊक, असं धरून चाललो आपण," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी कोणी चहाला थांबलं नाही.

रविना उंबरमाळीला गेली. बाईजाच्या अंगणात नाचणी वाळत होती. गिरजाची पोर तिच्याभोवती पळत होती, एकाच पायात पैंजण. दुसरं पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलं होतं. रविनाने सगळं सांगितलं. लॉज, रॉकेल, सगळं. लपवून काय करायचं? गिरजाचे हात नुसते लुगड्याचा काठ चुरगळत होते.

"ती पार्वती कोन?" शेवटी तिने विचारलं.

"कोणी नाही गं. मी खोटीच लिहिली होती. आता ती उघडी पडली ना, म्हणून आज घरी गेले की पुसून टाकणार."

"पुसू नको."

"अगं, पण ती नाहीच आहे."

"नाय कशी?" गिरजा म्हणाली. "तो दार मोडून आत शिरला तेव्हा तिथं मी व्हनार व्हते. माझ्या जागी ती व्हती." तिने पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या पायातलं पैंजण उगाचच सारखं केलं. "ऱ्हाऊ दे तिला. तिला तरी कुठं पाठवशील?"

घरी आल्यावर रविनाने कॉम्प्युटर उघडला, नव्या प्रतीसाठी नवं बुजगावणं लिहिलं, वेगळं नाव, वेगळं गाव. पार्वतीची ओळ बराच वेळ तिच्यासमोर होती.

तिने ती पुसली नाही. फक्त पत्ता बदलला. म्हसा काढून तिथे आसनगाव टाकलं, स्वतःच्या घराचा.